त्याचं नाव बॉब नव्हतं

(वस्तीतल्या व्यायामशाळेत कबड्डीच्या पोरांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाडूवर बोला म्हणालात. या भिंतीवर ज्यांची चित्रं चिकटवलीत त्यातल्या कुणावरही मी बोलणार नाही. त्यांच्यावर बोलायला टीव्ही आहे, पेपर आहेत, थंड पेयाच्या कंपन्या आहेत. मुहम्मद अलीवर बोला असं मघाशी एकजण म्हणाला. अली आपला माणूस, प्रश्नच नाही. पण अलीवर आपल्यात पुष्कळ बोलून झालंय. मी आज ज्याच्यावर बोलणार आहे त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. त्याचा खेळ आपण खेळत नाही. त्याची भाषा आपल्याला येत नाही. १९७२ सालच्या ३१ डिसेंबरला, अमेरिकेत लोक नव्या वर्षाच्या दारूचे प्याले भरत होते तेव्हा, तो विमानासकट समुद्रात पडला आणि मेला. त्याचं प्रेत आजतागायत सापडलेलं नाही.

नाव रॉबर्टो क्लेमेंटे. खेळ बेसबॉल. मुलूख प्वेर्तो रिको.

आधी मुलूख समजून घ्या, म्हणजे माणूस समजेल. प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. १८९८ मध्ये अमेरिकेनं स्पेनशी लढाई केली आणि हे बेट खिशात घातलं. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं. पण बेटावर राहणाऱ्या माणसाला राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत आजही नाही. लढाईत सैनिक म्हणून चालतो, मत द्यायला चालत नाही. असलं नागरिकत्व काय चीज असते हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. तिथं गुलामी कायद्यानं बंद झाली १८७३ मध्ये. त्यानंतरही काळ्या माणसाच्या वाट्याला आला तो ऊस. स्पेनच्या मळेवाल्याचा असो की अमेरिकन कंपनीचा, ऊस तोडणारे हात तेच.

अशा ऊसपट्ट्यात, कॅरोलिना नावाच्या गावात, १९३४ च्या १८ ऑगस्टला क्लेमेंटे जन्मला. सात भावंडांत धाकटा. बाप उसाच्या फडावर मुकादम. पोराला सायकल हवी होती. बाप म्हणाला, कमव आणि घे. मग पोरानं शेजाऱ्याच्या दुधाची किटली दुकानापर्यंत वाहायला सुरुवात केली, दिवसाला एखाद-दुसरा पैसा. एक जुनी सायकल घ्यायला तीन वर्षं लागली. ही गोष्ट अमेरिकेतले लेखक मोठ्या कौतुकानं सांगतात, 'बघा, कष्टाचं कसं चीज झालं' म्हणून. मला त्यात कौतुक वाटत नाही. शाळकरी पोराला एका सायकलीसाठी तीन वर्षं दूध वाहावं लागतं, ही काय शोभेची गोष्ट आहे? पण एक खरं. घाम गाळून मिळवलेल्या वस्तूचा हिशेब असा माणूस विसरत नाही. पुढं आपल्याला हे लागणार आहे.

त्या काळी अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमध्ये काळ्याला जागा नव्हती. काळ्यांचे संघ वेगळे, मैदानं वेगळी, पगार वेगळा. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सननं ती भिंत फोडली. तोवर तिकडचे मोठमोठे काळे खेळाडू हिवाळ्यात प्वेर्तो रिकोला येऊन खेळायचे, कारण इथल्या मैदानावर ती भिंत नव्हती. मॉन्टी अर्विन नावाचा असाच एक मोठा खेळाडू सान हुआनला खेळायला यायचा. पोरगा रॉबर्टो त्याची पिशवी उचलायचा आणि तेवढ्या जोरावर मैदानात घुसायचा. मॉन्टी अर्विन कसा चालतो, चेंडू कसा फेकतो, हे त्यानं तिथं पाहिलं.

१९५५ मध्ये तो स्वतः पिट्सबर्ग पायरेट्सच्या संघात उतरला. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं शहर. भट्ट्या, धूर, कामगार. अठरा वर्षं तो त्याच संघाकडून खेळला. खेळातलं थोडक्यात सांगतो, कारण बेसबॉलचे आकडे ऐकून तुम्ही जांभया द्याल. क्रिकेटचा चुलतभाऊ समजा. चेंडू मारायचा आणि पळून तळ गाठायचा. क्षेत्ररक्षकाची चूक नसताना फलंदाजानं आपल्या फटक्यावर तळ गाठला की तो एक 'हिट'. असे ३,००० हिट त्याच्या आधी फक्त दहाजणांनी केले होते. सीमेजवळ उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि तिथून असा फेकायचा की पळणाऱ्याचे पाय अडखळावेत. सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा मान ओळीनं बारा वर्षं, १९६१ ते १९७२. फलंदाजीत चार वेळा पहिला. १९६६ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. बस्स, एवढं पुरे.

आता खरं ऐका.

हा माणूस काळा होता आणि स्पॅनिश बोलणारा होता. म्हणजे गोऱ्यांत बसायची सोय नाही, आणि अमेरिकेतल्या काळ्यांत गेला तर भाषेची अडचण. पेपरवाल्यांनी पहिलं काय केलं? त्याचं नाव बदललं. रॉबर्टो म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून 'बॉब'. लाडानं 'बॉबी'. खेळाडूंच्या चित्रांची पत्ती मिळायची, आपल्याकडं पूर्वी बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांची यायची तशी. १९५७ ते १९६९ त्या पत्तीवर छापलं जायचं, बॉब क्लेमेंटे. तो सांगत राहिला, माझं नाव रॉबर्टो. छापणारे बॉबच छापत राहिले. आपल्या आज्ज्या-पणज्यांची नावं गावानं कशी पाडली ते आठवा. कचऱ्या, धोंड्या, उकिरड्या. मास्तरानं हजेरीत लिहिलं ते नाव, पाटलानं हाक मारली ते नाव. माणसाचं नाव आपल्या सोयीनं ठेवायचा अधिकार कुणाकडं असतो, त्यावरून मालक कोण ते कळतं.

दुसरं केलं त्याच्या भाषेचं. हा इंग्रजी आपल्या वळणानं बोलायचा. वार्ताहर ते शब्द मुद्दाम मोडके छापायचे, अक्षरं वेडीवाकडी करून. आपल्या जुन्या सिनेमात गड्याच्या तोंडी जी भाषा घालतात ना, लोकांनी हसावं म्हणून, अगदी तस्सं. त्या वार्ताहरांपैकी कितीजणांना स्पॅनिशचं एक वाक्य धड बोलता येत होतं? हा निदान दोन भाषांत जगत होता.

तिसरं. १९५४ च्या शेवटी एका दारुड्यानं त्याच्या मोटारीला धडक दिली होती. पाठीचा कणा तेव्हापासून दुखायचा तो दुखायचाच. तो म्हणायचा, पाठ दुखतेय. पेपरात यायचं, नाटक करतोय, कामचुकार आहे. काळ्या माणसाला दुखत नसतं असा सिद्धांत आहे गोऱ्या जगाचा. आपल्याकडच्या मुकादमाचाही हाच सिद्धांत आहे. बाई बाळंत होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर तिला फडावर बोलावणारा मुकादम तुम्ही पाहिलाय.

आणि आता बसची गोष्ट. माझ्या मते क्लेमेंटे कळायचा असेल तर चौकारा-षटकारापेक्षा ही गोष्ट ध्यानात धरा.

हंगामाआधीचा सराव फ्लोरिडात व्हायचा, फोर्ट मायर्स गावात. फ्लोरिडात तेव्हा रंगाचा कायदा कडक. गोरे खेळाडू हॉटेलात, काळे खेळाडू रूळापलीकडच्या काळ्या वस्तीत कुणाच्या तरी घरी. सामन्याला बसनं जायचं. वाटेत खाणावळ आली की गोरे उतरणार, टेबलाशी बसून जेवणार. काळे बसमध्येच. मग एखादा गोरा मित्र येताना कागदात गुंडाळून काही तरी आणायचा आणि खिडकीतून आत द्यायचा. कित्येक काळे खेळाडू ते खायचे. भूक लागते, काय करणार? मी त्यांना दोष देत नाही. पण क्लेमेंटेनं आपल्या काळ्या सोबत्यांना बजावलं, हे असलं अन्न घ्यायचं नाही. जो घेईल त्याला माझ्याशी हातघाई करावी लागेल. आणि तो व्यवस्थापकाकडं जाऊन उभा राहिला. शेवटी क्लबला काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी द्यावी लागली. आपल्या गाडीनं जा, काळ्यांच्या खाणावळीत बसून जेवा.

वेगळी गाडी म्हणजे काही समता नव्हे, हे मलाही कळतं. पण खिडकीतून येणारं अन्न बंद झालं.

आपल्याकडचा पळवणकर बाळू आठवा. चांभाराचा पोर. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची कामं करता करता इंग्रजांना चेंडू टाकायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. आणि त्याच बाळूला आपल्याच संघातले हिंदू चहा द्यायचे तो मंडपाबाहेर, मातीच्या कपात. त्याचा चेंडू चालायचा, त्याचा कप चालत नव्हता. सर्वांत चांगला गोलंदाज असून हिंदू संघाचा कप्तान म्हणून त्याला कधी नेमलं नाही. फ्लोरिडातली बस आणि पुण्यातला मंडप यांत मला तरी फरक दिसत नाही. आपल्यातल्या पोरांनी १९७२ मध्ये मुंबईत पँथर काढली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलं, ते उगाच नाही.

१९६८ च्या ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. बेसबॉलचा हंगाम चार दिवसांवर आलेला. मालकांनी ठरवलं, ज्या त्या क्लबनं आपापलं बघावं. पायरेट्समध्ये तेव्हा अकरा काळे खेळाडू होते, दुसऱ्या कुठल्याही संघापेक्षा जास्त. क्लेमेंटे पुढं झाला. किंग यांची अंत्ययात्रा ९ एप्रिलला आहे, ती होईपर्यंत आम्ही मैदानात पाय ठेवणार नाही असं संघानं ठरवलं. निवेदनावर क्लेमेंटेबरोबर एका गोऱ्या खेळाडूनंही सही केली, डेव्ह विकरशॅम त्याचं नाव. तेही नोंदवून ठेवा; माणसं सगळीकडं असतात. शेवटी सगळ्या लीगला सुरुवात १० एप्रिलला ढकलावी लागली. क्लेमेंटे नंतर म्हणाला त्याचा मतलब असा, की खेळायचं की नाही हे काळ्या खेळाडूंना विचारायची वेळ येते, यातच या देशाचं काय ते आलं.

१९७१ च्या १ सप्टेंबरला पायरेट्सचे नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन मुलखातले होते. मोठ्या बेसबॉलमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. नवात एक क्लेमेंटे. त्याच साली ऑक्टोबरात पायरेट्सनी अंतिम मालिका जिंकली. सर्वोत्तम खेळाडू क्लेमेंटे. सगळ्या अमेरिकेत टीव्ही चालू, माइक त्याच्या तोंडापुढं. तो म्हणाला, आधी मला माझ्या भाषेत दोन शब्द बोलू द्या. आणि स्पॅनिशमध्ये त्यानं घरी बसलेल्या म्हाताऱ्या आई-बापाकडं आशीर्वाद मागितला. ज्या भाषेची सोळा-सतरा वर्षं टिंगल केली ती भाषा त्या दिवशी अमेरिकेला गप बसून ऐकावी लागली.

आता निकाराग्वा.

१९७२ च्या ३० सप्टेंबरला त्याचा तीन हजारावा हिट झाला. नोव्हेंबरात तो प्वेर्तो रिकोच्या हौशी खेळाडूंचा संघ घेऊन निकाराग्वाला स्पर्धेसाठी गेला. राजधानी मानाग्वा. तिथं तीनेक आठवडे राहिला. रस्त्यावरच्या माणसांत फिरायचा. तिथं एक पोरगा भेटला, पाय गमावलेला. त्याला कृत्रिम पाय बसवायची व्यवस्था क्लेमेंटेनं लावली. डिसेंबरात घरी परतला. आणि २३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासानं मानाग्वा हादरली. शहराचा मधला भाग जमीनदोस्त, वर आगी लागलेल्या, दवाखाने पडलेले. मेलेल्यांचा आकडा कुणी चार हजार सांगतं, कुणी दहा हजारांच्या वर. मेलेला गरीब नीट मोजला जात नाही. बेघर झाले अडीच लाखांवर.

क्लेमेंटेला ती माणसं चेहऱ्यानिशी माहीत होती. महिनाही झाला नव्हता त्यांच्यातून येऊन. प्वेर्तो रिकोत मदत समिती निघाली, तो तिचा पुढारी. रूथ फर्नांडेझ ही तिथली मोठी गायिका बरोबर. नाताळच्या सुट्टीत, घरी बायको आणि तीन लहान पोरं असताना, हा माणूस सान हुआनच्या बेसबॉल मैदानाबाहेर खोकी बांधत होता. टीव्हीवरून हाका मारत होता, कपडे आणा, अन्न आणा, औषधं आणा. विमानांनी माल गेला, एक जहाज गेलं.

आणि मग तिकडून बातम्या यायला लागल्या. निकाराग्वात तेव्हा सोमोझा घराण्याची सत्ता. १९३० च्या दशकापासून बाप, मग थोरला मुलगा, मग धाकटा. मागं अमेरिका उभी. भूकंप झाल्या झाल्या धाकट्या सोमोझानं मदतीचा सगळा कारभार आपल्या हाती घेतला. विमानतळावर त्याचे नॅशनल गार्डचे शिपाई उभे. जगभरातून आलेला माल त्यांच्या ताब्यात. लोक ढिगाऱ्याखाली, आणि ब्लँकेटं, डबे, औषधं शिपायांच्या घरात नाही तर बाजारात. साहेबांच्या कंपन्यांना पुढं बांधकामाची कंत्राटं. भूकंप हा सोमोझाला धंदा सापडला.

आता इथं क्लेमेंटेपुढं दोन रस्ते होते, आणि मी तुम्हाला हे का सांगतोय ते इथं आहे. पहिला रस्ता सगळे मोठे लोक घेतात तो. आम्ही आमचं काम केलं, माल पाठवला, फोटो निघाला, पोचला की नाही ते तिकडच्या सरकारनं बघावं. देणाऱ्याचं पुण्य विमानतळावर पूर्ण होतं. दुसरा रस्ता म्हणजे खोक्याबरोबर जायचं. क्लेमेंटे म्हणाला, मी स्वतः जातो. मी विमानातून उतरलो तर माझ्या डोळ्यांपुढं ते माल पळवणार नाहीत. त्याला आपल्या नावाची किंमत माहीत होती, आणि ती कुठं लावायची तेही माहीत होतं.

बसच्या खिडकीतून आलेलं अन्न ज्यानं नाकारलं त्यालाच हे सुचतं असं माझं मत आहे. मदत ही वरून खाली टाकायची वस्तू नव्हे, ती ज्याची आहे त्याच्या हातात सन्मानानं पडली पाहिजे, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तीन वर्षं दूध वाहून सायकल घेतलेल्या पोराला शिपायानं ती सायकल हिसकावून नेली तर काय वाटतं, ते त्याला कळत होतं. दया करणारे पुष्कळ असतात. मालावर पहारा देणारा दाता मी दुसरा पाहिला नाही.

विमान भाड्यानं घेतलं. जुनं डीसी-७, चार पंख्यांचं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला जमिनीवरच चालताना खड्ड्यात जाऊन ते मोडलं होतं. वर माल भरला तो मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो जास्त. दिवसभर उड्डाण लांबत गेलं. रात्री नऊ-वीसच्या सुमारास विमान उडालं आणि लगेच किनाऱ्याजवळच्या समुद्रात कोसळलं. आत पाच माणसं. एकही वाचलं नाही. क्लेमेंटेचं वय अडतीस.

बातमी फुटली तशी बेटावरची माणसं किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. नव्या वर्षाची पहाट, आणि हजारो लोक पाण्याकडं बघताहेत. त्याच्या संघातला मॅनी सॅंगियेन, पनामाचा, यष्टिरक्षक म्हणा, तो होडीतून आत गेला आणि पाण्यात बुड्या मारत राहिला. प्रार्थनासभेला पायरेट्सचे सगळे खेळाडू विमानानं आले. सॅंगियेन सभेत नव्हता. तो समुद्रात शोधत होता.

पुढं काय झालं तेही ऐका, कारण मेल्यावर माणसाचं काय करतात ते बघण्यासारखं असतं. बेसबॉलच्या मानाच्या दालनात नाव लागायला खेळ सोडून पाच वर्षं व्हावी लागतात. क्लेमेंटेसाठी तो नियम बाजूला ठेवला. १९७३ मध्येच त्याला घेतलं. लॅटिन अमेरिकेतला पहिला. ४२४ पैकी ३९३ मतं. मत देणारे कोण? पेपरवाले! बॉब म्हणणारे, मोडकी भाषा छापणारे, आळशी म्हणणारे. मेल्यावर सगळे रडले. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला लीग दरवर्षी बक्षीस देते, त्याला क्लेमेंटेचं नाव दिलं. चांगलं आहे. पण बक्षीस घेताना खेळाडू हसत फोटो काढतात, तेव्हा बसमधल्या भांडणाचं नाव कुणी काढत नाही. चिडका क्लेमेंटे पुसून टाकला, देवमाणूस तेवढा ठेवला. आपल्याकडं हे किती मोठ्या माणसांचं झालंय ते मोजा एकदा.

आणि मानाच्या दालनात जी ब्राँझची पाटी लावली तिच्यावर नाव चुकलं! स्पॅनिश रीतीत बापाचं नाव आधी, आईचं नंतर. रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. पाटीवर कोरलं रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे. ती चूक दुरुस्त केली २००० साली. सत्तावीस वर्षांनी.

सोमोझाचं काय झालं? भूकंपाची लूट निकाराग्वाचे लोक विसरले नाहीत. दुकानदार, मध्यमवर्ग, जे तोवर गप होते तेही फिरले. १९७९ च्या जुलैत सॅंदिनिस्तांनी सोमोझाला पळवून लावलं. त्या उठावाची कारणं पुष्कळ आहेत. पण चोरलेलं ब्लँकेट त्यातलं एक आहे.

आता एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. क्लेमेंटे शहीद झाला म्हणून टाळ्या वाजवू नका. त्या विमानानं उडायलाच नको होतं. मालकाला पैसा हवा होता, ज्यांनी तपासायचं त्यांनी तपासलं नाही, आणि क्लेमेंटेला घाई होती. घरच्यांनी सरकारवर खटला भरला, खाली जिंकले, वरच्या कोर्टात हरले. गरिबांकडं जाणारा माल जुन्या, मोडक्या, जादा भरलेल्या गाडीतूनच का जातो, हा प्रश्न विचारा. सोमोझाची विमानं काही समुद्रात पडत नव्हती. आपल्याला मेलेली माणसं नकोत, परत येणारी हवीत.

तुम्ही गेले आठ दिवस पूरवाल्यांसाठी धान्य गोळा केलंत, मी बघतोय. कबड्डीची प्रॅक्टिस सोडून दारोदार फिरलात. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडं आम्ही गेलो होतो. एका गावात काय पाहिलं? गाड्या येतात, पारापाशी थांबतात, तिथंच रिकाम्या होतात. दलित वस्ती नदीच्या कडेला, सर्वांत आधी बुडालेली, आणि पारावरून तिथं जायला चिखल. गाडीवाला म्हणतो, गावात दिलंय, ते पोचवतील. आम्ही वस्तीत गेलो तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, 'तुमी गावाचं हाय का आमचं?' हे एका गावापुरतं नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपात, २००४ च्या सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, दलितांना रांगेत मागं ढकललं, छावण्यांतून बाजूला काढलं, हे अहवालांत छापून आलेलं आहे. पाणी सगळ्यांच्या घरात सारखं शिरतं म्हणतात. मदत सारखी शिरत नाही.

म्हणून उद्या टेम्पोबरोबर चारजण जाणार, नुसता ड्रायव्हर नाही. पोती आत्ता मोजा, तिथं उतरवताना पुन्हा मोजा. टेम्पोच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच भरा, उरलेलं दुसऱ्या फेरीला. ब्रेक आज रात्री दाखवून घ्या. पारावर कुणी सरपंच, कुणी दादा गाडी अडवायला आला आणि म्हणाला इथंच उतरवा, आम्ही वाटतो, तर भांडण करू नका, पण पोतंही उतरवू नका. वस्तीपर्यंत चालत जायची तयारी ठेवा. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. आणि यादी करताना माणसाला विचारून त्याचं पूर्ण नाव लिहा. 'अमक्याची बायको', 'तमक्याची म्हातारी' असं लिहून आणाल तर मी ती यादी फाडून टाकीन. टेम्पो पाचला निघेल.